साडूची गाडी आणि वरचे चारशे

चारशे! नाही, मी म्हणतो, चारशे कसले? एक लाख त्र्याऐंशी हजार म्हणा, समजतं. दोन लाख म्हणा, तोंड वाकडं करीन, पण समजतं. एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे? आठ वर्षं वापरलेली गाडी विकताय की काट्यावर बटाटे घालताय? तुम्हाला सांगतो, पाच दिवस ह्या चारशेनं माझं डोकं पोखरलं. जेवताना चारशे, आंघोळ करताना चारशे, बायको काहीतरी सांगतेय आणि मी मध्येच, "पण चारशे का?" ती म्हणाली, "अहो, मी गॅस संपल्याचं सांगतेय!"

आणि विकणारा कोण? साडू! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता ज्यांना साडू आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळायचं नाही. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. एकाच सासऱ्यानं पसंत केलेले दोन नग, बस, एवढंच नातं! आणि मग जन्मभर सगळ्यांनी बघत बसायचं, दोन्हींतला कुठला नग बरा निघाला. त्यात माझा साडू म्हणजे वजनमापांचा इन्स्पेक्टर. हो, दुकानादुकानांत जाऊन काटे तपासतो तो. काळी पेटी घेऊन हा दुकानात शिरला की म्हणे दुकानदाराच्या हातातलं माप थरथरतं. घरी आला तरी तेच. चहाचा कप पुढे केला की आधी कप किती भरलाय ते बघणार, मग आपल्याकडे बघणार. माझ्या लग्नात त्यानं काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ! अठरा वर्षं झाली, एक मिनिट मागे नाही, एक मिनिट पुढे नाही... त्याचाही मला राग!

मी स्वतः कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरांना लागतात ना, त्या. आमची लॅब आहे, चार माणसांची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे. तिथे दुपारी डबे उघडले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, साडूचं काय नवीन?" आणि मी सुरू! अठरा वर्षं मी त्या लॅबला साडू पुरवतोय. मीठ-मिरचीचा खर्च नाही त्यांना.

आता गाडीकडे येतो. येतोच आहे. पण त्याआधी आईचं सांगायला हवं, नाही तर तुम्ही म्हणाल, नको तर घेऊ नये ना गाडी, एवढी रड कशाला?

आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नवा खुबा बसवला. दवाखान्यात माणसं भेटायला आली, कोणी फळं आणली, कोणी डोळ्यांत पाणी आणलं. आणि साडू? साडू आला रिकाम्या हातानं. बसला दहा मिनिटं, मोजून. "कशा आहात?" नाही, "काळजी करू नका" नाही. नेमकं त्याच वेळी आईला पहिल्यांदा पलंगावरून उठवत होते. नर्स म्हणाली, "आजी, कोणी हात देणार नाही हं, आपलं आपण उठायचं." आईनं दात आवळले, दोन्ही हात गादीवर रोवले आणि उठली की हो! आपली आपण उभी राहिली! आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, बायको रडतेय, आणि हा माणूस काय बघतोय? पलंग! खाली वाकला, खिशातून टेप काढली... टेप असतेच त्याच्या खिशात, तुमच्या-आमच्या खिशात रुमाल असतो तशी... गादी हातानं दाबली, जमिनीपासून गादीपर्यंत मोजलं, इवल्याशा डायरीत काहीतरी लिहिलं, "येतो" म्हणाला आणि गेला. मी बायकोला म्हटलं, "हा आजाऱ्याला बघायला आला होता की पलंग विकत घ्यायला?" लॅबमध्ये हा किस्सा तीन आठवडे चालला. खास लोकाग्रहास्तव मी दोनदा परत करून दाखवला, टेपसकट.

पण घरी आल्यावर हसू आटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. म्हणजे बुटक्या, खोल जागी बसणं बंद. आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायामाच्या केंद्रात न्यायचं. तिथल्या बाई कडक. आईला नाही, मलाच दम दिला, "तीन महिने आहेत तुमच्या हातात. एवढ्यात ह्यांनी पाय मोकळा केला तर काठी घेऊन कुठेही जातील. नाही केला, तर वॉकर जन्माचा. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही." केंद्र घरापासून अकरा किलोमीटर. टॅक्सी बोलावली. आता टॅक्सीची सीट म्हणजे काय, तर जमिनीवर चटई टाकल्यासारखी! आई पाठमोरी उभी राहिली, बसायला गेली, आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली. एक दंड मी धरला, एक ड्रायव्हरनं. मी म्हणतोय "वर", तो म्हणतोय "आत". मागे गाड्यांचे हॉर्न. एक जण खिडकीतून डोकं काढून म्हणतो कसा, "काका, सामान डिकीत टाका आधी!" सामान? माझी आई आहे ती!

आणि तुम्हाला सांगतो, आई रडली. बत्तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होती ती, दाढ काढतानासुद्धा डॉक्टरला सूचना देणारी बाई, ती भर रस्त्यात रडली. म्हणाली, "पुरे रे. मला नाही जायचं. वॉकर तर वॉकर." त्या आठवड्यात तीनही दिवस बुडाले. पुढच्या आठवड्यातही. मी रोज सकाळी म्हणायचो, "आई, आज जाऊ या का?" आणि ती पेपर उलटा धरून म्हणायची, "आज नको, आज पेपर वाचायचाय." तीन महिन्यांतले पाच आठवडे असे वाळूसारखे निसटून गेले.

आणि अशात फोन. साडूचा. साडू फोनवर बोलत नाही, तार पाठवतो. "साडूभाऊ. गाडी काढतोय. तुम्हाला हवी का? एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे. रविवारपर्यंत सांगा." ठेवला! अहो, किती चालली, कशी आहे, का विकताय... काही विचारायला फट तरी?

आता बाहेरचा माणूस असता तर काय केलं असतं आपण? दीड म्हटलं असतं. तो म्हणाला असता, "काय साहेब, चेष्टा करता का!" आपण उठल्यासारखं केलं असतं, त्यानं बसवल्यासारखं केलं असतं, मध्ये कुठेतरी दोघं भेटलो असतो आणि दोघंही घरी जाऊन म्हणालो असतो, "चांगला बनवला!" सरळ व्यवहार. पण साडूशी घासाघीस करणार कशी? कमी मागावं तर मेहुणी म्हणणार, "आमच्या गाडीची हीच किंमत केलीत?" सांगितली तेवढी द्यावी, तर आपल्या मनात जन्मभर किडा. आणि घेतल्यावर बंद पडली, तर तक्रार कुठे करायची? बायकोकडे? तिच्या माहेरची? गाडीचं काही नाही हो... गाडी साडूची आहे!

मी म्हटलं, आधी बाजारभाव बघू. मोबाइलवर जाहिराती काढल्या. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच वर्ष. अडीच लाखांच्या खाली एक नाही! एकाची तर डिकी दोरीनं बांधलेली होती, तोसुद्धा अडीच मागत होता. म्हणजे साडूची गाडी स्वस्त! आणि इथे माझी झोप उडाली. महाग असती ना, तर बरं झालं असतं. मी खूश झालो असतो! "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणून लॅबमध्ये महिनाभर पुरला असता विषय. पण जो माणूस चहाच्या कपाची पातळी बघतो, तो साठ-सत्तर हजार का सोडेल? तो काही सोडणाऱ्यांतला आहे का?

आमच्याकडे एक पॉलिशवाला आहे. काम कवळ्यांना पॉलिश करण्याचं, पण बोलतो गाड्यांबद्दल, कारण मेहुण्याचं गॅरेज आहे. तो घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "साडू? स्वस्तात? ठोकलेली आहे."

"अरे, बघितली तरी आहेस का तू?"

"बघायला कशाला पाहिजे? साडू म्हणालात ना? ठोकलेली. आणि वर चारशे म्हणजे काय माहितीये का? असा सुटा आकडा सांगितला की माणसाला वाटतं, हा अगदी हिशेबानं बोलतोय. मोठे कलाकार असतात हे!"

झालं! मनात आलं ते कोणी दुसऱ्यानं बोलून दाखवलं की ते आपल्याला खरंच वाटतं, नाही का? गुरुवारी गेलो साडूकडे. म्हटलं, "दादा, सहज एक चक्कर मारून बघतो." त्यानं चावी दिली. म्हणाला, "पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर दोन काड्या आहे." बस. परत आणताना बघीन, असं म्हणाला नाही. म्हणायची गरज होती का?

कोपऱ्यावर वळलो आणि गाडी थांबवली. टायर बघितले. कोरे! चारही कोरे करकरीत! आता मला सांगा, गाडी विकणारा माणूस विकायच्या आधी नवे टायर कशाला घालेल? मुलगी दाखवताना पावडर लावतात तसं? म्हणजे खाली काहीतरी झाकायचंय! मग मी म्हटलं, आता आपली विद्या वापरायची. कवळी बसवली ना, की आम्ही वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये एक पातळ निळा कागद धरतो आणि म्हणतो, "चावा." जिथे दात जास्त टेकतो तिथे निळा ठिपका उठतो, तेवढंच घासायचं. मी म्हटलं, गाडीचं दार म्हणजे तरी काय? जबडाच! ठोकलेली गाडी असेल तर चावा बरोबर बसणार नाही. खिशात कागद होतेच. भर रस्त्यात, चारही दारं एकेक करून, कागद धरला... धाड! कागद धरला... धाड! पलीकडे एक बाई कुत्रा फिरवत होत्या, त्यांनी कुत्रा उचलून घेतला.

तीन दारं उत्तम. एकसारखा ठिपका, अशी कवळी मला आयुष्यात जमलेली नाही. आणि चौथं? ड्रायव्हरच्या शेजारचं? खाली जास्त टेकतंय! वाकून बघितलं तर त्या एकाच दाराच्या बिजागऱ्या नव्या. दार उघडलं तर उघडतच गेलं, इतर दारांपेक्षा कितीतरी जास्त. आणि सीट... सीट उंच! आत बसलो तर डोकं छताला! शेजारची सीट खाली आणि ही एकटीच पाट घेऊन बसल्यासारखी. सगळं त्याच बाजूला! ठोकलेली! शंभर टक्के ठोकलेली!

निळे डाग पुसायला गेलो. आता तो रंग थुंकीत टिकावा म्हणूनच बनवलेला असतो, तो रुमालानं जातो का? पसरला. जेवढा पुसला तेवढा पसरला. म्हटलं, जाऊ दे, दाराच्या कडेला आहे, कोण बघतंय.

तसाच गेलो पॉलिशवाल्याच्या मेहुण्याकडे. तो गाडीखाली गेला. नुसते पाय दिसतायत आणि खालून आवाज येतोय. "इंजिन झकास." मी म्हटलं, असेल. "गंज नाही." मी म्हटलं, नसेल. "गाडी जीव लावून वापरलीय हो!" मी म्हटलं, "सीट बघा, सीट!" तो बाहेर आला, सीटखाली टॉर्च मारली आणि शीळ घातली. "पायांखाली लोखंडी पट्ट्या घातल्यात. वेल्डिंग ताजं आहे, महिनासुद्धा झालेला नाही."

"म्हणजे ठोकलेली ना?"

"ठोकलेली असती तर खालचा पत्रा वाकला असता. पत्रा तर सरळ आहे." त्यानं डोकं खाजवलं. "मग सीट कशाला उचलली, ते काही मला कळत नाही. विचारा की!"

"कोणाला?"

"विकणाऱ्याला."

विचारा की! काय सोपं आहे! तुम्ही तुमच्या साडूला विचारलंत का कधी काही? "दादा, तुम्ही मला फसवताय का?" असं विचारायचं? आणि तो "नाही" म्हणाला, तर पुढे काय म्हणायचं, "थँक्यू"? गाडीचं काही नाही हो... गाडी साडूची आहे!

शनिवारी सकाळी चहा घेताना बायकोसमोर सगळं मांडलं. टायर, बिजागऱ्या, सीट, चारशे. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "मग विचारा भाऊजींना."

"कसं विचारू?"

"तोंडानं."

"अगं, पण..."

"अठरा वर्षं तुम्ही त्या माणसाबद्दल सगळ्या जगाशी बोललात. एकदा त्याच्याशी बोलून बघा."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज. "अरे, माझ्यासाठी चाललं असेल तर नको घेऊस हं गाडी. मी कुठे जाणार आहे आता?"

मी कुठे जाणार आहे आता... खरं सांगतो, ते एक वाक्य ऐकलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. चारशे, टायर, साडू, सगळं एकीकडे राहिलं. माझी आई पुढची सगळी वर्षं खिडकीत बसून काढायला तयार झाली होती, आणि मी दाराच्या फटीत कागद घालत फिरत होतो. मी ठरवलं, उद्या विचारायचं. आणि ठोकलेली निघाली तरी गाडी घ्यायची, सीट कापून खाली करायची, नाही तर वर करायची, पण आईला न्यायचं.

रविवारी दहाला साडू गाडी घेऊन येणार होता. दहाला घंटी वाजली. भिंतीवरचं घड्याळ त्याच्यावर लावून घ्यावं, नाही तरी ते त्यानंच दिलेलंय! पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "दादा, गाडी छानच आहे, फक्त एकदोन बारीकसारीक गोष्टींबद्दल जरा उत्सुकता होती." छान ना? गाडीपाशी गेलो, त्यानं ते चौथं दार उघडलं, मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "ठोकलेली आहे का?"

साडू माझ्याकडे बघतोय. मग त्यानं सावकाश स्वतःच्या हाताकडे बघितलं. पांढऱ्या शर्टाची बाही... निळी! मनगटापासून कोपरापर्यंत निळी!

"हे काय आहे?"

"कागद... दातांचा."

"गाडीला?"

आता काय लपवणार? सगळं सांगितलं. चावा, ठिपके, गॅरेज, बाईंचा कुत्रा, सगळं. मनात म्हटलं, गेलं! गाडी गेली, साडू गेला, मेहुणी गेली, बायको मागे उभी होती तीसुद्धा चालली! साडूनं ऐकून घेतलं. बाहीकडे परत बघितलं. म्हणाला, "चारही दारांना लावलात?"

"हो."

"तीन बरोबर निघाली असतील. हे खाली जास्त टेकत असेल."

"...हो."

"मग तुमचा कागद बरोबर आहे." आणि डायरी काढून लिहिलं की हो त्यानं! "तपासल्याशिवाय कोणी काही घेऊ नये, साडूभाऊ. कोणाकडूनही. माझ्याकडूनही. आईंना खाली आणा."

मला काही कळेना. आईला लिफ्टमधून खाली आणलं. ती वॉकर टेकत टेकत येतेय, चेहऱ्यावर ती टॅक्सीतली भीती. म्हणतेय, "मला नका रे बसवू, मला नका..." साडूनं दार पूर्ण उघडलं. आणि तेव्हा बघितलं मी, दार इतकं उघडतं की वॉकर सरळ सीटला जाऊन भिडला. कुठे अडकला नाही. साडू म्हणाला, "आई, पाठमोऱ्या व्हा. हात मागे. आता बसा. कोणी धरायचं नाही त्यांना." मी पुढे झालो, तर त्यानं मला हातानंच थांबवलं.

आई बसली.

म्हणजे नुसती बसली हो! जशी खुर्चीत बसावी तशी! गुडघे कमरेच्या खाली, पाय आत घेतले, आणि ती आमच्याकडे बघायलाच लागली. तिलाच खरं वाटेना. मग म्हणाली, "थांबा," आणि उठली. आपली आपण. परत बसली. परत उठली. तीनदा! शेवटी मीच म्हटलं, "आई, दमशील." तर म्हणते, "तू गप्प बस, मी व्यायाम करतेय."

"एकवीस इंच," साडू म्हणाला. "दवाखान्यातला पलंग दबल्यावर एकवीस भरला होता. त्याच्यावरून त्या आपल्या आपण उठल्या होत्या, मी बघितलं होतं. म्हणून सीट एकवीसवर आणली. वॉकर अडला असता, म्हणून दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, दार थोडं खाली आलंय. ते मला माहीत आहे. बसवून देतो."

पलंग! त्या दिवशी सगळे आईकडे बघत होते हो, आणि ती पुन्हा कशी उठेल, हे बघणारा तो एकटा होता. आणि मी त्याची नक्कल केली होती. दोनदा. टेपसकट.

कसाबसा म्हणालो, "आणि टायर?"

"घासले होते. त्यावर बसवून आईंना नेणार होतात?"

"पण दादा, किंमत... बाहेर अडीच लाख चाललेत!"

"अडीच डीलर घेतो. मला तो एक त्र्याऐंशी देत होता, तीन ठिकाणी विचारलं. मधले पैसे त्याला कशाला द्यायचे तुम्ही? मला एक त्र्याऐंशीच मिळणार होते, तेवढेच मिळतायत. माझा काटा बरोबर आहे."

"पण मग टायर, बिजागऱ्या..."

"ते गाडीचं काम. विकणाऱ्यानं करून द्यायचं असतं."

आणि मग, पाच दिवस पोखरत होता तो प्रश्न. मी अगदी हळू विचारला, "दादा... आणि वरचे चारशे?"

साडू पहिल्यांदाच जरा अवघडला. बाहीवरचा निळा डाग चोळायला लागला... आणखी पसरला. म्हणाला, "ते सीटचे. पट्ट्या आणि वेल्डिंगचे. ते मला भरता आले असते. पण म्हटलं... आईची बसायची जागा आहे. ती मुलाच्या पैशांतली असावी. त्यात मी कशाला येऊ?"

मी रडलो. सांगायला लाज कसली, भर रस्त्यात रडलो. त्यांचा तो निळा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "दादा, तुमचे उपकार..." मी हात सोडेना. शेवटी तेच म्हणाले, "साडूभाऊ, हात." मी सोडला. आणि तेवढ्यात गाडीतून आई, "अहो इन्स्पेक्टरसाहेब, चहा घेऊन जा हो! अरे, तू काय उभा राहिलास खांबासारखा? वर जाऊन चहा टाक. कप भरून दे!"

सोमवारी केंद्रात गेलो. मग बुधवारी. मग शुक्रवारी. एक दिवस बुडवला नाही. त्या कडक बाई म्हणाल्या, "पाच आठवडे वाया घालवलेत, आता दुप्पट करावं लागेल." आईनं तिप्पट केलं. मुख्याध्यापिका ना! आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत जाते, तिथे चार म्हाताऱ्या जमवल्यात, त्यांना ती माझा साडू शिकवते. हो! "सुनेच्या बहिणीचा नवरा, पण पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं." पोटचं पोर शेजारी उभं असतं, काठी धरून! माझे चारशे कोणी काढत नाही! रस्त्यात कोणी विचारलं, "गाडी छान आहे हो, कुठली?" की मी काही बोलायच्या आत आई सांगते, छाती काढून, "गाडीचं काही नाही हो, गाडी साडूची आहे!"

सगळं छान झालं. देव त्यांचं भलं करो, दुसरं काय म्हणू? पण परवा लॅबमध्ये दुपारी डबे उघडले. पॉलिशवाल्यानं खुर्ची ओढली, भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "काय, साडूचं काय नवीन?" सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी तोंड उघडलं... आणि काही नाही! आत हात घातला, डबा रिकामा! कपाची पातळी आठवली, वाटलं, बरोबरच तर बघतात. घड्याळ आठवलं, ते तर बिचारं वेळेवर चाललंय. अठरा वर्षं पुरवलेला, रोज ताजा, हक्काचा विषय... गेला!

तुम्ही मला विचारलंत ना, एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे, किंमत बरोबर होती का? गाडीची बरोबर होती हो, काट्यावर तोलून बरोबर. पण तिच्याबरोबर साडूसुद्धा द्यावा लागला... तेव्हा तसं बघितलं तर महागच पडली म्हणायची!